भागीदारीतून निवृत्ती: आयात-निर्यातीची देणी मागे राहू नयेत म्हणून काय करावं

मागच्या पावसाळ्यात नागपूरच्या इतवारीतले एक काका फाइल घेऊन आले. त्यांची फर्म डाळ मिलसाठी म्यानमारहून तूर मागवायची. स्टॅम्प पेपरवरचं निवृत्तीपत्र आणि इंग्रजी पेपरातल्या नोटिशीचं कात्रण त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. तरी परदेशी पुरवठादाराच्या वकिलाची नोटीस त्यांच्या नावावर आलीच.

कारण साधं आहे. 'जुनी देणी उरलेले भागीदार फेडतील' हे कलम तुमच्या आपसातलं. पुरवठादार त्याने बांधलेला नाही. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ३२ नुसार निवृत्तीआधीच्या व्यवहारातून सुटायचं तर धनको (ज्याचं देणं आहे तो) आणि उरलेले भागीदार, दोघांचीही संमती लागते. काकांनी तुरीचा सौदा निवृत्तीआधी केला होता, कंटेनर नंतर आला, पैसे थकले. सौद्याची तारीख धरली जाते, माल उतरल्याची नव्हे. म्हणून निवृत्तीपत्र लिहितानाच अजून पूर्ण न झालेल्या प्रत्येक सौद्याची यादी करा आणि पुरवठादाराकडून मुक्ततेचं पत्र मागा. हे पत्र जवळजवळ कुणाकडेच नसतं. मागायला संकोच वाटतो, पण मागा.

निवृत्त कसं होता येतं? सगळ्यांच्या संमतीने, भागीदारीपत्रात तशी तरतूद असेल तर, किंवा भागीदारी मर्जीची (मुदत न ठरवलेली) असेल तर सगळ्यांना लेखी नोटीस देऊन. भागीदार दोघेच असतील तर मात्र एकाच्या जाण्याने फर्मच संपते. ती निवृत्ती नाही, विसर्जन. कागद त्या हिशेबाने करा.

पुढची देणी थांबवते ती जाहीर नोटीस, आणि लोक इथेच अडकतात. नोंदणीकृत फर्मसाठी तीन गोष्टी हव्यात: भागीदारी संस्था निबंधकांकडे बदलाची सूचना, राजपत्रात प्रसिद्धी, आणि जिल्ह्यात खपणाऱ्या देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात नोटीस. नागपूरच्या फर्मसाठी मराठी किंवा हिंदी पेपर चालेल; फक्त इंग्रजीतली जाहिरात पुरत नाही. राजपत्र तर बहुतेक जण विसरतात, आणि कुणी सांगतही नाही. कायद्यात स्पष्ट लिहिलेली गोष्ट अर्जाच्या खिडकीवर कळू नये, याचा मला खरंच राग येतो. फर्म नोंदणीकृत नसली तरी राजपत्र आणि पेपर दोन्ही लागतात. निबंधकांकडे निवृत्तीपत्र, मूळ भागीदारीपत्र, नोंदणीचा दाखला, ओळखपत्रं न्या.

जीएसटीची मुदत सगळ्यात जास्त चुकते. निवृत्तीपासून एक महिन्याच्या आत आयुक्तांना लेखी कळवा. नाही कळवलं तर सूचना त्यांच्या हाती पडेपर्यंतच्या कराची जबाबदारी तुमच्यावर राहते, मग निवृत्तीपत्रावर कोणतीही तारीख असो. पोर्टलवर सीए नाव काढेलच. तेवढ्यावर विसंबू नका, वेगळं पत्र द्या आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या.

आयईसीमधली (आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड) भागीदारांची नावं डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) पोर्टलवर बदलून घ्या.

बँकेला दिलेली वैयक्तिक हमी निवृत्तीने संपत नाही. पॅकिंग क्रेडिट (निर्यातीचा माल पाठवण्याआधी मिळणारं कर्ज) किंवा एलसीसाठी (पुरवठादाराला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) सही केली असेल तर, सलग हमी (एकामागून एक व्यवहारांना लागू राहणारी) असल्यास, पुढच्या व्यवहारांपुरती ती लेखी मागे घ्या. आधीच्या थकबाकीतून सुटायला बँकेचं मुक्ततापत्रच हवं. मॅनेजरच्या तोंडी 'होऊन जाईल' वर घरी परतू नका. तो बदलून गेला की नव्या माणसापुढे दाखवायला कागद लागतो.