कासव हॅचरी (कोकण किनारा)

समुद्री कासवाची अंडी मूळ घरट्यातून काढून, त्याच किनाऱ्यावर कुंपण घातलेल्या वाळूत पुन्हा पुरून उबवण्याची जागा. कोकणात तिचा उपयोग मुख्यतः ऑलिव्ह रिडले कासवांसाठी होतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास (ता. मंडणगड) येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये हे काम सुरू केले. पुढे वन विभाग आणि गावोगावच्या कासवमित्रांमुळे ते आंजर्ले, गुहागर अशा इतर किनाऱ्यांवर पोहोचले. त्याआधी अंडी सर्रास खाल्ली आणि विकली जात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ही जात असल्याने अंडी उचलणे हा गुन्हा आहे. हॅचरीचे कामही वन विभागाच्या परवानगीनेच चालते.

अंड्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी रात्री वर येते, वल्ह्यांसारख्या मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद खड्डा करते आणि १०० ते १२० अंडी घालून परतते. पहाटेच्या गस्तीत तिच्या मागावरून घरटे शोधतात. काठीने वाळू चाचपताना जोर लागला तर वरची अंडी फुटतात आणि त्या वासाने मुंग्या, कुत्री, कोल्हे येतात.

पुढची पायरी सर्वांत नाजूक. घातल्यावर काही तासांतच भ्रूण कवचाच्या आतल्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले, तर भ्रूण सुटून मरतो. म्हणून अंडी शक्यतो ३ ते ६ तासांच्या आत, वरची बाजू वरच ठेवून, एकेक मोजत उचलावीत. उशीर झाला असेल, तर घरटे जागेवरच राखणे बरे. नवा खड्डा मूळ घरट्याच्याच खोलीचा आणि आकाराचा, भरतीरेषेच्या वर, दुसऱ्या घरट्यापासून सुमारे एक मीटर अंतरावर असावा. तारीख व अंड्यांची संख्या फलकावर लिहितात.

उबवण ४५ ते ६० दिवसांची. वाळू गरम असेल तर कमी. पिल्लाचे लिंग गुणसूत्रांवर नव्हे, तर उबवणीच्या काळाचे तीन भाग केले तर त्यातील मधल्या भागाच्या तापमानावर ठरते. साधारण २९ ते ३० अंशांच्या वर माद्या, खाली नर. तापमान दीर्घकाळ ३४-३५ अंशांपुढे गेल्यास भ्रूण मरू लागतात. त्यामुळे उघड्यावरची हॅचरी उन्हाळ्यात जवळजवळ केवळ माद्याच जन्माला घालू शकते, आणि हा दोष नुसती पिल्ले मोजून कधीच दिसत नाही. घरट्याच्या मधोमध तापमापक हवा. मार्चनंतर झावळ्यांची किंवा जाळीची सावली हवी.

४५ व्या दिवसापासून घरट्यावर टोपली ठेवून ती वारंवार उचलून पाहतात. पिल्ले वर आल्यावर घमेल्यात साठवू नयेत: पहिल्या काही तासांतील वळवळ ही खोल पाण्यात पोहोचण्यासाठीची शिदोरी आहे, ती घमेल्याच्या कडांवर संपते. पिल्ले पाण्यापासून काही मीटर अलीकडे, पहाटे किंवा संध्याकाळी सोडून स्वतः चालू द्यावीत. प्रेक्षकांच्या सोयीसाठी पिल्ले रोखून धरणे चुकीचेच. विजेऱ्या व रिसॉर्टचे दिवे त्यांना उलट दिशेला खेचतात. दोन-तीन दिवसांनी घरटे उकरून रिकामी कवचे आणि न फुटलेली अंडी मोजतात.

मादी नंतर कुठे जाते हे शोधण्यासाठी भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले व गुहागर येथील पाच माद्यांवर उपग्रह टॅग बसवले. पहिलीचे नाव ‘प्रथमा’. २०२३ मधील ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. ओडिशात २०२१ मध्ये टॅग केलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे पूर्णपणे वेगळी मानता येत नाहीत, हे यातून दिसले.

अंडी वाचली तरी प्रौढ कासवे ट्रॉलच्या (बोटीमागे ओढत नेण्याच्या) जाळ्यात मरतात. ती फुप्फुसांनी श्वास घेतात. जाळे तासन्‌तास ओढले की बुडतात. जाळ्यात तिरक्या गजांची चौकट आणि वर झडप बसवली, तर कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव झडपेतून सुटते. पण झडपेतून मासळीही निसटते, म्हणून झडप शिवून टाकली जाते. मग चौकट असूनही कासव अडकते. महाराष्ट्रात २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला कमाल २५,००० रुपये भरपाई मिळते. त्यासाठी कासव सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ आणि फाटलेल्या जाळ्याचा पुरावा लागतो.