गिम्प की क्रिटा? फुकट दोन्ही, पण कामं वेगळी

फोटोशॉपचं दर महिन्याचं भाडं परवडत नाही, फुकटात काय आहे, असं कुणी विचारलं की लोक एका दमात गिम्प आणि क्रिटा सांगून मोकळे होतात, जणू एकाच माळेचे मणी. उघडून बघितलं तरी पहिल्या दिवशी फरक कळत नाही कारण लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) दोन्हीकडे, ब्रश दोन्हीकडे, फोटोशॉपची पीएसडी फाईलही दोन्हीकडे उघडते (फार गुंतागुंतीची असेल तर थोडी विस्कटते).

मी एवढंच विचारतो, सुरुवात फोटोपासून करणार का कोऱ्या पानापासून?

फोटो असेल तर गिम्प. 1996 पासून आहे हे. चेहऱ्यावरचा डाग हील टूलने घालवणं, कर्व्ह्जने उजेड सुधारणं, बॅकग्राउंड कापणं, यात त्याचा हात बसलाय. पूर्वी फिल्टर एकदा लावला की फोटोत मुरायचा आणि नंतर अनडू करत बसा, पण 2025 मध्ये 3.0 आलं आणि आता लावलेला फिल्टर मागाहून बदलता येतो.

कोरं पान असेल तर क्रिटा, इथे मी वादच घालणार नाही. स्वीडिशमध्ये क्रिटा म्हणजे खडू, आणि 2009 पासून टीमने चित्र काढणाऱ्यांवरच भर दिलाय, ते जागोजागी जाणवतं. राइट क्लिक केलं की कर्सरपाशीच ब्रश आणि रंगांची गोल तबकडी उघडते, मेनू शोधत फिरायला नको. स्टॅबिलायझर लावला की रेघ हाताच्या जरा मागून येते आणि थरथर गिळून टाकते, नवख्या माणसाला याचा जो आधार वाटतो ना! गिम्पमध्येही स्मूथ स्ट्रोक आहे, पण चित्र काढताना ते पाहुण्यासारखं वाटतं. डब्ल्यू दाबलं की कॅनव्हास चारी बाजूंनी स्वतःलाच जोडला जातो, म्हणजे उजवीकडून बाहेर गेलेली रेघ डावीकडून आत येते, कापडाची नक्षी करणाऱ्यांना हे सोनं. फ्रेम बाय फ्रेम अ‍ॅनिमेशनही होतं.

छपाईचं काम असेल तर अजून एक, क्रिटात थेट सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) रंगवता येतं, गिम्पमध्ये ते एक्स्पोर्टच्या वेळी बघायचं.

आणि हो, क्रिटा स्टीमवर (गेम आणि सॉफ्टवेअरचं ऑनलाइन दुकान) किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर दिसलं तर तिथे पैसे लागतात, स्वतःच्या साइटवर फुकट आहे. ते पैसे डेव्हलपमेंटला जातात, त्यामुळे द्यायचे तर खुशाल द्या, पण नकळत नको.

माझ्याकडे दोन्ही आहेत, चित्र क्रिटात काढून ओआरए (दोन्हीत चालणारा फाईलचा प्रकार) फाईलमध्ये सेव्ह करतो आणि लेयरसकट गिम्पमध्ये उघडतो.