गेमचे थेट प्रक्षेपण : सेटिंग्ज आणि बिघाड

संगणकावर गेम खेळला जात असतानाच त्याचे चित्र, त्यातला आवाज आणि खेळणाऱ्याचे बोलणे इंटरनेटवरून प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणे म्हणजे गेमचे थेट प्रक्षेपण. रोजच्या बोलण्यात याला नुसते ‘स्ट्रीमिंग’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला ‘स्ट्रीमर’. खेळ, चित्राचे एन्कोडिंग (म्हणजे ते आवळून लहान करणे) आणि पाठवणी ही तिन्ही कामे बहुतेक वेळा एकच संगणक एकाच वेळी करत असतो. सेटिंग्जचे सगळे प्रश्न या ओढाताणीतून निर्माण होतात. बिघाड दुरुस्त करताना खरी अडचण वेगळीच असते : प्रेक्षकाला फक्त ‘अडकतंय’ एवढेच दिसते, पण अडकण्याची कारणे किमान तीन असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पार्श्वभूमी

२००७ मध्ये सुरू झालेल्या जस्टिन.टीव्ही या संकेतस्थळावर कुणीही काहीही थेट दाखवू शकत असे. त्यातला गेमचा विभाग इतका वाढला की जून २०११ मध्ये तो ‘ट्विच’ या नावाने वेगळा काढला गेला. २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनने ट्विच सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतले. सामान्य खेळाडूच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची घटना २०१२ ची : ह्यू बेली यांनी ओबीएस हे थेट प्रक्षेपणाचे मोफत आणि मुक्त स्रोताचे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. आजचे ओबीएस स्टुडिओ हा त्याचाच पुढचा अवतार. बाजारात इतर सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांपैकी काही ओबीएसच्याच पायावर उभी आहेत. त्यामुळे पुढचे विवेचन ओबीएसला धरून केले आहे.

चित्राचा प्रवास

गेमचे चित्र आधी पकडले जाते, मग कॅमेरा, चॅट, पाट्या यांच्यासह एका कॅनव्हासवर मांडले जाते, मग एन्कोडर ते आवळतो आणि शेवटी ते सर्व्हरकडे रवाना होते. पकडणे आणि मांडणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. आवळणे प्रोसेसरचे किंवा ग्राफिक्स कार्डातल्या स्वतंत्र सर्किटचे. पाठवणी नेटवर्कची.

आवळण्याचे प्रमाण किती असते हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. १९२० × १०८० आकाराच्या चित्राच्या सेकंदाला ६० फ्रेम (एकामागून एक येणारी स्थिर चित्रे) म्हणजे सुमारे १२.४४ कोटी पिक्सेल. नेहमीच्या एनव्ही१२ रंगमांडणीत दर पिक्सेलला १२ बिट लागतात, म्हणजे कच्चा माल सेकंदाला जवळजवळ १५० कोटी बिट. ट्विचने वर्षानुवर्षे सुचवलेली वरची मर्यादा आहे सेकंदाला ६००० किलोबिट, म्हणजे ६० लाख बिट. हाच बिटरेट. एन्कोडरला हे सारे अडीचशे पट आवळायचे असते, तेही दर फ्रेमला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास.

रिझोल्यूशन आणि बिटरेट

नवा स्ट्रीमर सर्वांत आधी १०८०पी (म्हणजे १०८० पिक्सेल उंचीचे चित्र) आणि ६० फ्रेम निवडतो आणि बहुतेक वेळा तिथेच चुकतो. ६००० किलोबिटमध्ये या मापाला दर पिक्सेलमागे ०.०५ बिटही येत नाही. तोच बिटरेट ७२०पी आणि ६० फ्रेमला दिला तर वाटा ०.११ च्या घरात जातो, कारण ७२०पीमध्ये पिक्सेल सव्वादोन पटींनी कमी असतात.

हा फरक कुठे दिसतो ते गेमवर ठरते. पत्त्यांचा किंवा बुद्धिबळाचा डाव असेल तर पडद्याचा बहुतेक भाग एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये जसाच्या तसा राहतो. एन्कोडरला फक्त बदललेला तुकडा लिहावा लागतो आणि १०८०पी स्वच्छ दिसते. आता उंच गवताच्या मैदानातून धावणारे पात्र घ्या. पाऊस पडतो आहे आणि खेळाडूने माऊस झटक्यात फिरवला. गवताचे प्रत्येक पाते, पावसाचा प्रत्येक थेंब नव्या जागी गेला, म्हणजे मागच्या फ्रेममधून उचलण्यासारखे काहीच उरले नाही. अशा क्षणी चित्राचे चौकोनी ठोकळे पडतात आणि शत्रू गवतात आहे की नाही हे प्रेक्षकाला कळत नाही. वेगवान गेमसाठी ७२०पी आणि ६० फ्रेम, किंवा मधला ९००पीचा आकार, हीच शहाणपणाची निवड. १०८०पीचा आकडा मिरवायला बरा असतो, पाहायला नव्हे.

यूट्यूब याहून जास्त बिटरेट स्वीकारते आणि आलेले चित्र सगळ्यांसाठी वेगवेगळ्या दर्जांत पुन्हा तयार करते. ट्विचवर पार्टनर (ट्विचशी करार झालेले) नसलेल्या चॅनेलला असे पर्याय मिळतीलच याची खात्री नसते. ते नसले तर मोबाइल डेटावर पाहणाऱ्यालाही स्ट्रीमरचे मूळ ६००० किलोबिटच ओढावे लागतात. आवाज धरून तासाला सुमारे २.८ गिगाबाइट होतात. त्यामुळे छोट्या चॅनेलने बिटरेट आपल्या नेटपुरता न पाहता पाहणाऱ्याच्या नेटचाही विचार करून ठेवावा.

बिटरेटचा प्रकार सीबीआर, म्हणजे स्थिर ठेवतात. बदलत्या बिटरेटने रेकॉर्डिंग चांगले होते, पण थेट पाठवणीत अचानक आलेला फुगवटा वाहिनीत मावत नाही. कीफ्रेमचे (मागच्या फ्रेमवर न विसंबता पूर्ण लिहिलेल्या फ्रेमचे) अंतर २ सेकंद. हे ‘ऑटो’वर सोडले तर काही सेवा तक्रार करतात, कारण त्या चित्राचे तुकडे कीफ्रेमपाशीच पाडतात.

एन्कोडर

थेट प्रक्षेपणाचा मुख्य भार आजही २००३ मध्ये मानक झालेल्या एच.२६४ या चित्र आवळण्याच्या प्रकारावर आहे. तो दोन रीतींनी बनवता येतो. एक्स२६४ हा सॉफ्टवेअर एन्कोडर प्रोसेसरवर चालतो. त्याच्या प्रीसेटची (तयार सेटिंग-संचांची) नावे वेगाची आहेत. ‘व्हेरीफास्ट’कडून ‘मीडियम’कडे जावे तसा दर्जा थोडा वाढतो आणि प्रोसेसरवरचा बोजा बराच वाढतो. दुसरी रीत हार्डवेअरची : इंटेलचे क्विक सिंक २०११ पासून, एनव्हिडियाचे एनव्हीएन्क २०१२ पासून, आणि एएमडीचे स्वतःचे एन्कोडर. सुरुवातीच्या हार्डवेअर एन्कोडरचे चित्र खरोखर धुरकट असे. २०१८ च्या ट्युरिंग पिढीत एनव्हीएन्क इतके सुधारले की एकाच संगणकावर खेळून स्ट्रीम करणाऱ्याने एक्स२६४ घेण्याचे कारण फारसे उरले नाही. ‘दर्जा हवा तर प्रोसेसरच’ हा जुना सल्ला मात्र अजून फिरत असतो. २०१८ मध्येच आलेला एव्ही१ हा आवळण्याचा प्रकार कमी बिटमध्ये जास्त तपशील टिकवतो. यूट्यूब तो थेट प्रक्षेपणात स्वीकारते. अर्थात त्यासाठी ग्राफिक्स कार्डात एव्ही१ एन्कोडर हवा.

तीन आकडे

ओबीएसच्या आकडेवारीच्या खिडकीत हुकलेल्या फ्रेमचे तीन वेगळे हिशेब असतात : रेंडरिंगमध्ये (कॅनव्हास मांडताना) चुकलेल्या, एन्कोडिंगमध्ये वगळलेल्या आणि नेटवर्कमुळे टाकलेल्या. निदान इथूनच सुरू होते, आणि ही खिडकी न उघडता केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात दगड मारणे.

नमुना पाहा. चॅटमध्ये ओळी येतात : ‘भाऊ, अडकतंय’, ‘तुझं नेट गेलं का?’ स्ट्रीमर बिटरेट ६००० वरून ४०००, मग २५०० वर आणतो. चित्र आणखी धूसर होते, अडकणे तसेच. शेवटी तो खिडकी उघडतो. नेटवर्कचा आकडा शून्य, एन्कोडिंगचाही शून्य, आणि रेंडरिंगचा १४ टक्के. गेमला फ्रेमची मर्यादा घातलेली नाही. तो सेकंदाला २०० फ्रेम काढण्याच्या नादात ग्राफिक्स कार्ड ९९ टक्के वापरतो आहे आणि ओबीएसला कॅनव्हास मांडायला वेळ मिळत नाही. स्ट्रीमरला स्वतःच्या पडद्यावर काहीच दिसत नाही, कारण त्याचा गेम लोण्यासारखा चालला आहे. गेममध्ये १२० फ्रेमची मर्यादा घातली की आकडा वाढायचा थांबतो. बिटरेट पुन्हा ६००० वर नेता येतो. त्याचा या भानगडीशी संबंधच नव्हता.

रेंडरिंगच्या बिघाडावर पहिला उपाय हाच : फ्रेमवर मर्यादा किंवा गेमची ग्राफिक्स एक पायरी खाली. विंडोजवर ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवले तर ग्राफिक्स कार्डाच्या वाटपात त्याला अग्रक्रम मिळतो. हलत्या पाट्या आणि सूचनांसाठी लावलेले ब्राउझर सोर्स (ओबीएसमध्ये जोडलेली वेबपाने) हेही कार्डावर बसलेले फुकटचे प्रवासी असतात. नको असलेले काढावेत.

एन्कोडिंगचा आकडा वाढत असेल तर ओबीएस स्वतःच ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’ अशी पाटी दाखवते. प्रीसेट वेगवान करणे, आउटपुटचा आकार उतरवणे, ६० च्या ३० फ्रेम करणे किंवा हार्डवेअर एन्कोडरकडे वळणे हे मार्ग. इथेही बिटरेट उतरवून फारसे हाती लागत नाही. काम पिक्सेलच्या संख्येने वाढते.

नेटवर्कचा आकडा मात्र खऱ्या अर्थाने इंटरनेटचा. स्ट्रीम सर्व्हरकडे नेणारा, मॅक्रोमीडियाने घडवलेला आरटीएमपी हा प्रोटोकॉल टीसीपी या पाठवणीच्या नियमांवर चालतो, म्हणजे हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवल्याशिवाय पुढचे पोहोचत नाही. वाट अडली की ओबीएसच्या दाराशी रांग लागते, आणि ती ठरावीक लांबीपलीकडे गेली की ओबीएस फ्रेम फेकून देते. स्पीड टेस्टमध्ये २० मेगाबिट दिसत असतानाही हे घडते, कारण ती चाचणी काही सेकंदांची असते आणि स्ट्रीमला तासन्‌तास न डगमगणारा वेग हवा असतो. दोषी बहुधा वाय-फाय असते. भिंतीपलीकडच्या राउटरपर्यंत एक केबल ओढली की निम्म्या तक्रारी संपतात. दुसरा नेहमीचा संशयित म्हणजे त्याच नेटवरचा एखादा फोन : त्याने फोटोंचा बॅकअप सुरू केला की अपलोडची वाट भरते. बिटरेट खात्रीच्या अपलोड वेगाच्या तीन चतुर्थांशाखाली ठेवावा आणि जमल्यास जवळचा दुसरा सर्व्हर निवडून पाहावा. ट्विचवर चॅनेल थेट न जाता चाचणी घेता येते. त्यासाठी ओबीएसमध्ये बँडविड्थ चाचणीची सोय आहे.

काळा पडदा

चित्र अडकत नाही, मुळात येतच नाही, असेही होते. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर गेम एकीवर आणि ओबीएस दुसरीवर चालू असते. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये दोघांना एकाच चिपवर आणावे. गेम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल तर ओबीएसही तसेच चालवावे लागते. काही गेमची फसवणूकविरोधी यंत्रणा ओबीएसला आत शिरू देत नाही. तिथे गेम कॅप्चरऐवजी विंडो किंवा डिस्प्ले कॅप्चर वापरतात. प्लेस्टेशनसारखा कन्सोल कॅप्चर कार्डाला (कन्सोलचे चित्र संगणकात आणणाऱ्या उपकरणाला) जोडला असेल तर कन्सोलच्या सेटिंगमधले एचडीसीपी हे नक्कलविरोधी कुलूप बंद केल्याशिवाय चित्र मिळत नाही.

रंग फिके किंवा अतिगडद दिसले तर रंगांची रेंज ‘फुल’ झाली आहे का ते पाहावे. ती ‘लिमिटेड’ आणि रंगमानक ७०९ असावे.

आवाज

ठोकळे पडलेले चित्र प्रेक्षक सोसतो, चिरका आवाज सोसत नाही. ओबीएसच्या मीटरवर बोलणे पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या दरम्यान खेळावे आणि गेमचा आवाज त्याखाली हिरव्यात राहावा. लाल पट्ट्यात ओरडणाऱ्यांसाठी आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा लिमिटर हा फिल्टर आहे. मायक्रोफोन ४४.१ किलोहर्ट्झवर आणि ओबीएस ४८ वर असे असेल तर कधी कधी कुरकुर ऐकू येते. सगळीकडे ४८ ठेवावे. आवाज दुहेरी येत असेल तर तोच स्रोत दोनदा जोडलेला असतो, एकदा डेस्कटॉप ऑडिओतून आणि एकदा कॅप्चरमधून. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू केला की हेडसेट टेलिफोनच्या दर्जावर उतरतो. सेटिंग बदलून हे जात नाही, तारेचा किंवा वेगळा माइकच घ्यावा लागतो.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून दहा सेकंद रेकॉर्ड करावे आणि ते एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहावे. टाळीचा आवाज हात जुळण्याच्या सहा फ्रेम आधी आला, तर ६० फ्रेमच्या हिशेबात चित्र १०० मिलिसेकंद मागे आहे. माइकच्या सिंक ऑफसेटमध्ये (आवाज किती उशिरा सोडायचा त्या सेटिंगमध्ये) १०० लिहायचे आणि पुन्हा टाळी वाजवायची. कॅमेरा आणि कॅप्चर कार्ड यांना चित्र द्यायला वेळ लागतो, माइकला जवळजवळ लागत नाही, म्हणून बहुतेक वेळा आवाजच थांबवून धरावा लागतो.

पार्श्वसंगीत हा तांत्रिक बिघाड नव्हे, पण फटका तसाच बसतो. २०२० मध्ये ट्विचवर स्वामित्वहक्काच्या तक्रारींची मोठी लाट आली आणि अनेकांना जुनी रेकॉर्डिंग काढून टाकावी लागली. ओबीएसमध्ये साठवल्या जाणाऱ्या व्हिडिओसाठी वेगळा ऑडिओ ट्रॅक देऊन त्यातून संगीत वगळता येते. त्याने जतन झालेला व्हिडिओ सुटतो. थेट वाजवलेल्या गाण्याची परवानगी मात्र त्यातून मिळत नाही.

विलंब, किल्ली आणि नोंदवही

खेळणारा आणि पाहणारा यांच्यात काही सेकंदांचे अंतर राहतेच. चॅटशी गप्पा मारायच्या तर ‘लो लेटन्सी’ (कमी विलंब) निवडतात. स्पर्धात्मक गेममध्ये उलट, काही जण मुद्दाम विलंब वाढवतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला स्ट्रीम पाहून आपली जागा हेरता येत नाही.

स्ट्रीम की ही चॅनेलची किल्ली. ती हाती लागली तर कुणीही त्या चॅनेलवरून प्रक्षेपण करू शकतो. पूर्ण डिस्प्ले दाखवत असताना सेटिंग्जमध्ये डोकावण्याची सवय म्हणूनच घातक ठरते. की दिसली असे वाटले तरी लगेच नवी घ्यावी.

सोबत रेकॉर्डिंग करायचे असेल तर ते एमकेव्ही या फाइल-प्रकारात करावे. साध्या एमपी४ मध्ये वीज गेली किंवा संगणक अडकला तर पूर्ण फाइल हातची जाते. एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते आणि नंतर ओबीएसमधूनच काही क्षणांत एमपी४ करता येते.

ओबीएस दर वेळी एक लॉग फाइल लिहिते. हेल्प मेन्यूतून ती पाठवली की ओबीएसचा स्वयंचलित विश्लेषक ती वाचून चुका रंगांनी दाखवतो : वाय-फायवर आहात, माइकचा दर जुळत नाही, रेंडरिंगमध्ये इतक्या फ्रेम गेल्या. स्ट्रीम किमान अर्धा मिनिट चालवून, थांबवून मग लॉग पाठवावा, कारण हुकलेल्या फ्रेमची बेरीज थांबवतानाच लिहिली जाते.