पॅसिव्ह हाउस आणि नेट झिरो: प्रमाणपत्र नेमकं कशाचं?

नव्या घराच्या माहितीपत्रकात ‘पॅसिव्ह हाउस’ आणि ‘नेट झिरो’ हे दोन शब्द इतक्या सर्रास शेजारी शेजारी छापलेले असतात की दोन्ही एकच वाटावेत. पण पहिल्या प्रमाणपत्रात बांधणी तपासली जाते, दुसऱ्यात वर्षाचा जमाखर्च.

पॅसिव्ह हाउसची, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घराच्या मानकाची, सुरुवात जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये १९९१ साली उभ्या राहिलेल्या घरांपासून झाली. त्याचा सर्वांत प्रसिद्ध निकष म्हणजे घर उबदार ठेवायला चौरस मीटरमागे वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ किलोवॉट-तास उष्णता. पण हा आकडा गणिताने काढलेला असतो. खरा कस लागतो तो हवाबंदपणाच्या चाचणीत. बाहेरच्या दारात कापडी चौकट ताणून पंखा बसवतात, खिडक्या लावून घेतात आणि आत-बाहेर ५० पास्कलचा दाबफरक तयार करतात. एवढ्या दाबाला तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटीहून जास्त गळती चालत नाही. पंखा सुरू असताना स्विचबोर्डाजवळ हात धरला की गार झोत लागतो. खिडकीच्या चौकटीचा कोपरा, भिंतीत शिरणारा पाइप, वायरिंगच्या नळीचं तोंड, सगळे चोर तेव्हाच सापडतात. शहाणा कंत्राटदार ही चाचणी आतलं फिनिशिंग होण्याआधी एकदा करून घेतो, कारण नंतर फट बुजवायची तर भिंत फोडावी लागते. इतक्या बंद घरात ताजी हवा यंत्राने आणावी लागते आणि ते यंत्र बाहेर जाणाऱ्या हवेतली निदान ७५ टक्के उष्णता परत मिळवतं.

नेट झिरोमध्ये पाहायचं इतकंच, की वर्षभरात घराने जेवढी ऊर्जा वापरली तेवढी निर्माण केली का. दुपारी जादा वीज ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, द्यायची, रात्री परत घ्यायची. त्यामुळे भिंतींना धड इन्सुलेशन नसलेलं घरसुद्धा छतभर सौर पॅनेल लावून कागदावर शून्य गाठू शकतं. थंड प्रदेशात तर गरज सर्वाधिक असते तेव्हाच पॅनेल कमी पिकतात आणि तो भार ग्रिडवर पडतो. वार्षिक बेरजेत हे दिसतच नाही. शिवाय हिशेब मीटरपाशी करायचा की वीजकेंद्रात जळालेल्या इंधनापासून, यावरही उत्तर बदलतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१५च्या व्याख्येत दुसरा मार्ग धरला.

ग्राहकाने जपायचं ते तारखेपाशी. पॅसिव्ह हाउसचं प्रमाणपत्र आराखडा आणि चाचण्यांवर मिळतं, म्हणून ते घर पूर्ण होताच हाती येऊ शकतं. प्रत्यक्ष वापरावर आधारलेल्या शून्य-ऊर्जा प्रमाणपत्राला मात्र, उदाहरणार्थ इंटरनॅशनल लिव्हिंग फ्यूचर इन्स्टिट्यूटच्या, सलग १२ महिन्यांची नोंद लागते. कोऱ्या घराच्या किल्लीबरोबर कुणी ‘नेट झिरो’ देत असेल, तर तो बहुधा अंदाज असतो. तो कोणत्या गृहीतकांवर काढला, हे लेखी मागावं.

दोन्हींपैकी एकच परवडत असेल, तर माझा कौल भिंतींना. पॅनेल पाच वर्षांनीही चढवता येतात. पॅसिव्ह हाउसच्या ‘प्लस’ आणि ‘प्रीमियम’ श्रेणींत ऊर्जानिर्मितीही मोजली जाते, त्यामुळे पुढे तोही रस्ता मोकळा राहतो.