कुलाब्याची वेगळी चूल पवईत

पवईला आयआयटीच्या आवारात ‘समीर’ नावाची संस्था आहे. आयआयटीचाच एखादा विभाग असावा, असं बाहेरच्याला वाटतं. पण तिचं मूळ आहे पार कुलाब्याला, नेव्हीनगरातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये. 1977 मध्ये टीआयएफआरमध्ये मायक्रोवेव्ह उपकरणं बनवणारा एक विशेष कक्ष सुरू झाला. 1984 मध्ये तोच केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाखाली स्वायत्त संस्था झाला.

चांगल्या घरातून असं बाहेर का पडावं लागतं? पैसा आणि जागा ही कारणं असतातच, पण माझ्या मते ती दुय्यम. खरं भांडण मोजपट्टीचं. मूलभूत संशोधनात माणसाचं वजन शोधनिबंधांवर ठरतं. उपकरण बनवणाऱ्याचे दिवस कशात जातात ते मात्र बघण्यासारखं आहे.

समीरने बनवलेलं कर्करोगावरच्या किरणोपचाराचं यंत्र घ्या, ज्याला लिनॅक म्हणतात. तांब्याच्या पोकळ्यांच्या रांगेतून इलेक्ट्रॉन मायक्रोवेव्हच्या जोरावर पळवायचे, टंगस्टनसारख्या जड धातूवर आदळवायचे, आणि निघणारे क्ष-किरण गाठीवर सोडायचे. तत्त्व एवढंच. पण या लहरी सेकंदाला सुमारे 3 अब्ज आंदोलनं घेतात, आणि पोकळीचा आकार त्यांच्याशी नेमका जुळला तरच इलेक्ट्रॉनांना जोर मिळतो. तांबं एका अंशाने तापलं तरी किंचित फुगतं, आणि पोकळीची वारंवारता सुमारे 50 किलोहर्ट्झने उतरते. म्हणून सतत थंड पाणी फिरवायचं, आणि त्याचंही तापमान सांभाळायचं. पोकळ्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक कातायच्या, ब्रेझिंगने, म्हणजे सांध्यात दुसरा धातू वितळवून, जोडायच्या, आतली हवा काढून टाकायची. एक जोड गळका निघाला की पुन्हा सगळी उस्तवार. यातून नवा सिद्धान्त निघत नाही. निघतं ते वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या रुग्णालयात बसलेलं यंत्र. बढतीच्या मुलाखतीत याला किती गुण द्यायचे?

संघटनांचे अभ्यासक जेम्स मार्च यांनी 1991 मध्ये ही ओढाताण नेमकी मांडली होती. नवं धुंडाळणं आणि हाती आहे ते घासूनपुसून वापरणं, ही दोन्ही कामं त्याच पैशावर आणि त्याच माणसांवर हक्क सांगतात. दुसऱ्याचं फळ लवकर आणि खात्रीने मिळतं, म्हणून पहिल्याची उपासमार होते. कंपन्यांमध्ये नवा प्रकल्प वेगळा काढतात तो यासाठीच. टीआयएफआरमध्ये गंमत उलटी आहे. इथे आईच धुंडाळणारी, आणि घासूनपुसून वापरण्यासाठी लेकराला बाहेर पडावं लागलं.

ही रीत टीआयएफआरचे संस्थापक होमी भाभा यांच्यापासूनची. अणुशक्तीच्या कामाची सुरुवात टीआयएफआरमध्ये झाली. 1954 मध्ये तुर्भ्याचं (ट्रॉम्बे) अणुसंशोधन केंद्र निघालं आणि त्या कामातले शास्त्रज्ञ तिकडे गेले. 1956 मध्ये तिथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. तुर्भ्याच्या इलेक्ट्रॉनिक्स गटातून पुढे 1967 मध्ये हैदराबादची ईसीआयएल ही इलेक्ट्रॉनिक्सची सरकारी कंपनी उभी राहिली. म्हणजे ही नातच. या दोन्ही वेळी कागदोपत्री मंजुरीइतकीच मोलाची गोष्ट होती सोबत गेलेली माणसं. हाताला वळण असलेले लोक मागे राहिले असते, तर नुसती पाटी बदलून काही साधलं नसतं.

मात्र प्रत्येकाने घर सोडलंच पाहिजे असं नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 मध्ये सुरू झालं, आरंभी नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीतून. आज ते मानखुर्दला आहे आणि अजूनही टीआयएफआरचंच आहे. काम शाळेतल्या विज्ञानाचं, म्हणजे आईपेक्षा अगदी वेगळं. तरी स्वतःचं आवार आणि ‘राष्ट्रीय केंद्र’ हा दर्जा मिळाल्यावर नाळ तोडायची गरज पडली नाही. मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, पण त्यासाठी आईची छाती मोठी लागते.

मिळालेलं स्वातंत्र्य कायमचं टिकतं, असंही नाही. टीआयएफआरच्याच संगणक गटातून निघालेली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधनाची संस्था 1985 मध्ये स्वायत्त झाली, जुहूला राहिली, आणि 1986 मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या संगणकजाळ्यात आयआयटींच्या मांडीला मांडी लावून बसली. पुढे सरकारने तिला सी-डॅक या आपल्याच दुसऱ्या संगणक संस्थेत विलीन केलं, आणि एनसीएसटी सी-डॅकचं मुंबई केंद्र झाली.