पार्श्वभूमी : पुण्यात सायकल फूटपाथवर कशी चढली

पुणे सायकलींचे शहर होते, हे नव्याने सांगायची गरज नाही. सायकलीचा पत्र्याचा बिल्ला, दिवा नसला किंवा डबलसीट सापडली की पोलिसाने सोडलेली हवा, तासावर मिळणाऱ्या भाड्याच्या सायकली, पहिल्या पाळीला खडकी-पिंपरीच्या कारखान्यांकडे निघालेली गर्दी, हे सगळे घरोघरी ऐकलेले आहे. १९७२ मध्ये आकुर्डीहून चेतक स्कूटर निघाली, मागून मोपेड आल्या, पुढे गाडी हप्त्यावर मिळू लागली आणि सायकल रस्त्याच्या कडेला सरकत गेली. ट्रॅक असेल तिथे सायकलवाल्याने तोच वापरायचा की डांबरावर राहायचे, हे आज जे भांडण चालू आहे, त्याचे मूळ मात्र २००६ ते २००८ या काळात आहे.

त्याआधीचा एकच तपशील महत्त्वाचा. देशातल्या रस्ते-अभियंत्यांनी सायकल ट्रॅकची मानके १९६२ मध्ये छापली. गर्दीच्या तासाला ४०० किंवा त्याहून जास्त सायकली आणि १०० ते २०० मोटारगाड्या जात असतील, तर सायकलींना वेगळा ट्रॅक द्यावा, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे आधी सायकली, मग ट्रॅक. पुण्यात ट्रॅकची मोठी कामे निघाली ती सायकली ओसरल्यावर.

कारण पैसा तेव्हा आला. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची शहरांसाठीची मोठी निधी योजना सुरू झाली. पाठोपाठ २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले. रस्ता गाड्यांसाठी नसून माणसांसाठी आहे, असे ते धोरण म्हणत होते आणि पादचारी व सायकल मार्गांना या योजनेतून प्राधान्य द्यायचे त्यात लिहिलेले होते. साहजिकच नकाशांवर ट्रॅक उमटले. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे वेगळ्या राखीव मार्गिकेतून जाणारी बससेवा, धावली. बस मधोमध, बाकीची वाहने तिच्या बाजूला आणि कडेला सायकल व पायी चालणारे, अशी ती मांडणी होती. ऑक्टोबर २००८ च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धांसाठी आणखी रस्ते खोदले गेले.

वाद झाला तो ट्रॅकच्या पातळीवरून. सायकल डांबरावरच, पट्टा आखून चालवायची की कठडा बांधून फूटपाथच्या उंचीवर न्यायची? दुसरा पर्याय मान्य झाला. त्यामागचा विचार अगदीच चुकीचा नव्हता. डांबरावर नुसता पांढरा पट्टा मारला तर दोन दिवसांत तिथे रिक्षा आणि मोटारी उभ्या राहतील, हे कुणीही सांगू शकले असते. पण कठडा बांधल्याने सायकल वाचेल, हे गृहीत धरताना फूटपाथवर आधीच काय काय आहे, ते कुणी पाहिले नाही. विजेचे डीपी, झाडांचे बुंधे, बसथांबे, हातगाड्या, शिवाय प्रत्येक सोसायटीच्या गेटशी एक उतार आणि पुन्हा एक चढ. उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉकचा खडखडता पट्टा. चालणाऱ्यांनाही फूटपाथ पुरत नव्हता, म्हणून तेही त्याच पट्ट्यावर आले. त्यांना दोष देता येत नाही.

सिग्नलला रांग लागली की दुचाकीवाले वर चढू लागले. मोटारवाहनाने फूटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर जायचे नाही, गणवेशातल्या पोलिसाने परवानगी दिली तरच जायचे, हे १९८९ च्या रस्ता नियमांतच होते. नवा नियम नको होता, पोलीस हवा होता. त्याऐवजी ट्रॅकच्या तोंडाशी खांब रोवले गेले. स्कूटर शिरू नये म्हणून दोन खांबांत इतकी कमी जागा ठेवली की दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावलेली सायकलही त्यातून जाईना. तिचा मालक उतरायचा, खांबांना वळसा घालायचा आणि मुकाट्याने डांबरावरून जायचा.

चौकातला घोळ याहून वाईट. ट्रॅक चौकाच्या अलीकडेच उतार देऊन संपायचा आणि सायकलवाला थेट डावीकडे वळणाऱ्या गाड्यांसमोर यायचा. तोवर तो त्या चालकांच्या नजरेत आलेलाच नसायचा. धोका चौकात असतो आणि ट्रॅक नेमका तिथेच नव्हता. उलट डांबरावर कायम राहिलेल्या सायकलवाल्याला हॉर्न मारून ‘ट्रॅक दिलाय ना, तिकडून जा की’ असे ऐकवायची सोय झाली. रस्ता वाटून घेण्याच्या दृष्टीने कठडा बांधण्याच्या त्या निर्णयाचे खरे नुकसान हे आहे, असे या लेखकाचे मत आहे. पट्टा आखण्याच्या बाजूचे लोकही पार्किंगच्या प्रश्नावर कधी धड उत्तर देऊ शकले नाहीत, हेही खरे.

डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला. सुटे तुकडे जोडून जाळे करायचे, हा त्याचा गाभा. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, औंधमध्ये आणि इतरत्रही. चर्चा सगळी त्या रंगीत सायकलींभोवती फिरली. त्या कुठे टाकल्या जातात, कोण मोडतो, कंपनी टिकेल का. बहुतेक कंपन्या टिकल्या नाहीत. आराखड्यातले चौक तसेच राहिले.

२०१९ च्या मोटारवाहन कायदा दुरुस्तीने सायकलीसारखी विनायंत्र वाहने आणि पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला आहे. ट्रॅक असेल तिथे सायकलवाल्याने तोच वापरावा, अशी सक्ती त्यातून येऊ शकते. सिंहगडाकडे पहाटे हेल्मेट घालून निघणाऱ्यांना ती जाचक वाटेल आणि रात्रपाळी करून परतणाऱ्या सुरक्षारक्षकाला तिची खबरही नसेल. तसा नियम करायचाच असेल, तर आधी ट्रॅक चौक ओलांडून पलीकडे न्यावा लागेल.