चरे पडलेल्या सीडीतून डेटा मिळवणे

चरे पडल्यामुळे अडकणाऱ्या किंवा न उघडणाऱ्या सीडी, व्हीसीडी आणि डीव्हीडीतील मजकूर घरच्या संगणकावर उतरवून घेण्याची पद्धत. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत तिची गरज पडते ती लग्नाच्या शूटिंगसाठी, कानबाईच्या उत्सवाच्या घरगुती चित्रणासाठी आणि अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडींसाठी. मूळ टेप उरलेली नसेल तर कपाटातली सीडी हीच एकमेव प्रत असते, म्हणून ती टाकून देण्याची घाई करू नये.

सीडी १.२ मिमी जाड असते. लेसर खालच्या पॉलिकार्बोनेटमधून, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकमधून, आत शिरतो आणि लेबलाला लागून असलेल्या, माहिती सांभाळणाऱ्या थरावरून परततो. त्यामुळे खालचा चरा फक्त किरणाची वाट अडवतो, माहिती शाबूत राहते. लेबलाच्या बाजूचा बारीकसा चरा मात्र तो थरच खरवडून काढतो. सीडी उजेडासमोर धरून पाहावी. चऱ्यातून प्रकाश आरपार दिसला तर तिथली माहिती गेली, ती कोणत्याही पॉलिशने परत येत नाही. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. मध्याकडून कडेला गेलेला चरा सहसा निभावतो, कारण सीडीतील रीड-सॉलोमन दुरुस्ती (हरवलेली माहिती हिशेबाने परत मिळवणारी पद्धत) मागावरची, म्हणजे माहितीच्या गोल फिरणाऱ्या रेषेवरची, सुमारे २.५ मिमी सलग तूट भरून काढते. गोलाकार चरा मागाच्याच दिशेने जातो, म्हणून तो घातक. पुसतानाही कापड मध्यापासून सरळ कडेकडे न्यावे.

राईट केलेल्या सीडीत माहिती सेंद्रिय रंगद्रव्यात असते आणि ते ऊन व उष्णतेने खराब होते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या सीडीचा बिघाड चऱ्यामुळेच झाला असे गृहीत धरू नये.

सीडी साध्या पाण्याने, साबणाच्या थेंबाने धुऊन मऊ सुती कापडाने टिपावी. नंतर आधी प्रत काढावी, टूथपेस्टने घासणे त्यानंतर. पेस्ट उथळ चरे गुळगुळीत करते, पण नवे चरेही पाडू शकते. ब्लू-रेला ती लावूच नये. ब्लू-रे डिस्कचे संरक्षक आवरण जेमतेम ०.१ मिमी असते.

डेटा सीडी आणि डीव्हीडीसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम उत्तम. तो सोपा भाग आधी वाचतो, अडलेल्या जागांची नोंद फाइलमध्ये ठेवतो आणि नंतर त्यांच्याकडे वळतो. तीच नोंद घेऊन सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालता येते, आणि एका ड्राइव्हला न वाचता आलेला भाग दुसरा पुष्कळदा वाचतो.

व्हीसीडीचे तसे नाही. तिच्या चित्रणाच्या सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एकेका तुकड्यात, डेटा सीडीतल्या २०४८ ऐवजी २३२४ बाइट भरलेले असतात; ही जादा जागा डेटा सीडीत असणारी चूक-दुरुस्तीची दुसरी पायरी वगळून मिळवलेली असते. नेहमीची कॉपी पहिल्या अडथळ्यालाच थांबते. तिथे सेक्टर कच्च्या रूपात वाचणारा आयसोबस्टरसारखा प्रोग्रॅम लागतो. न वाचलेल्या जागी चित्र क्षणभर चौकोनी फुटते, पुढचे चित्रण चालू राहते. मिळालेली डॅट (.dat) फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये थेट चालते.